स्वयंपाकघराला लागून एक बाग: बाल्कनीत पहिली कुंडी लावणाऱ्यांसाठी

कढीची फोडणी करायला घेतली आहे. तेल तापलंय, मोहरी तडतडायला लागलीय. गॅस बारीक करायचा, चार पावलं बाल्कनीत जायचं, कढीपत्त्याची एक डहाळी खुडायची, झटकायची आणि पानं तेलात सोडायची. पानांवर राहिलेल्या पाण्याच्या थेंबांनी फोडणी एकदम उसळते आणि घरभर जो वास सुटतो, तो फ्रिजमधल्या पिशवीतल्या कढीपत्त्याला कधी येत नाही. मला बागेची गोडी लागली ती या वासानं. फुलं, वेली, शोभेच्या कुंड्या हे सगळं नंतर आलं.

म्हणून नव्यानं बाग करू बघणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. रोपवाटिकेत जाऊन जे डोळ्यांना आवडेल ते उचलून आणू नका. आधी आपल्या ओट्यापाशी उभं राहा आणि स्वयंपाक करताना हात रोज कशाकशाकडे जातो ते बघा. कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, पुदिना, चहात घालायला गवती चहा, देवापुढे ठेवायला दोन फुलं. तीच तुमची पहिली झाडं. कारण सरळ आहे. ज्या झाडाची दिवसातून दोनदा गरज पडते, त्याच्याकडे दिवसातून दोनदा बघितलं जातं. माती सुकली, पानामागे मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, कुंडीत पाणी तुंबलं हे सगळं वेळेत कळतं. महागडी झाडं मरतात ती बहुतेक वेळा रविवारखेरीज त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही म्हणून.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या दहा फूट बाय चार फुटांच्या बाल्कनीत मी जे शिकले ते क्रमानं सांगते.

आधी ऊन बघा

कुंडी विकत घेण्याआधी एक सुट्टीचा दिवस यासाठी द्या. सकाळी आठ, दहा, बारा, दुपारी दोन आणि चार वाजता बाल्कनीत ऊन कुठपर्यंत आलंय ते बघून कागदावर लिहा. फरशीवर खडूनं रेघ मारलीत तर आणखी बरं.

मिरची, टोमॅटो, वांगी अशा फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. पालेभाज्या, कोथिंबीर, मेथी यांचं चार तासांत भागतं. पूर्वेचं सकाळचं ऊन सगळ्यांना सोसतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन एप्रिल-मे महिन्यांत कोवळी पानं अक्षरशः भाजून काढतं, तिथे निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधावी लागते. उत्तरेची बाल्कनी असेल तर खट्टू होऊ नका. पुदिना, अळू, पानओवा, ब्राह्मी, विड्याच्या पानांचा वेल यांना कमी ऊन चालतं. अळूवडीला आणि वरणाच्या बरोबरीनं फदफद्याला लागणारी पानं मिळाली तर उत्तरेकडच्या बाल्कनीकडून आणखी काय हवं?

दक्षिणेच्या बाल्कनीची एक गंमत पहिल्या वर्षी लक्षात येत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन पार दारापर्यंत आत येतं. मे-जूनमध्ये तोच सूर्य दुपारी डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. डिसेंबरात मस्त वाढलेलं टोमॅटोचं रोप उन्हाळ्यात का रुसलं, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

कुंडी, आणि तिचं वजन

सुरुवातीला पाच कुंड्या पुरेत. खरंच पाचच. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोलीचा पसरट ट्रे किंवा टब, मिरचीला दहा इंची, कढीपत्त्याला आणि टोमॅटोला बारा ते चौदा इंची. मातीची कुंडी मुळांना हवा देते पण उन्हाळ्यात लवकर सुकते, जड असते. प्लॅस्टिकची हलकी असते, पाणी धरून ठेवते. ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायची पिशवी, सगळ्यांत हलकी, पण दोन-तीन वर्षांत उन्हानं विरते. घरातली रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडून वापरलीत तरी झाडाची काही तक्रार नसते. भोकं मात्र हवीतच.

वजनाचा विचार हौसेच्या भरात मागे पडतो. बारा इंची कुंडी नुसत्या मातीनं भरून पाणी घातलं की वीस किलोच्या पुढे जाते. अशा पंधरा कुंड्या कठड्याजवळ ओळीनं मांडल्या तर बाहेर झुकलेल्या बाल्कनीवर केवढा भार येतो याचा हिशेब करा. जड कुंड्या भिंतीला लागून आत ठेवा आणि कठड्यावर अडकवायच्या कुंड्या बाहेरच्या बाजूला कधीही लावू नका. वळवाच्या वाऱ्यात एक कुंडी सुटली तर खाली माणूस असू शकतो. कुंडीतलं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणार नाही, हेही आधीच बघा. बागेवरून सोसायटीत होणारी बहुतेक भांडणं याच पाण्याची असतात.

माती: इथे घाई नको

बागेचं सगळं मर्म मातीत आहे, म्हणून इथे जरा थांबते.

शेतातली काळी माती उचलून कुंडीत भरू नका. शेतात ती सोनं असते. कुंडीत मात्र ओली झाली की चिकटून बसते आणि सुकली की दगड होते, कडेनं भेग पडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली निघून जातं. कुंडीला भुसभुशीत माती लागते, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टिचकी मारली की तो फुटावा अशी.

माझं प्रमाण असं: चार भाग लाल माती, तीन भाग कंपोस्ट किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की फुगून साधारण सत्तर लिटर होते, त्यामुळे एका विटेत पाच-सहा कुंड्यांचं काम आरामात होतं. भिजवल्यावर ते एकदा-दोनदा पिळून पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात. आणि कोकोपीटमध्ये झाडाचं अन्न जवळजवळ नसतं हे विसरू नका. ते फक्त ओल धरतं आणि माती हलकी ठेवतं. जेवण खतातूनच येतं. शेणखत घेताना वास घ्या. उग्र वास आला तर ते अजून कच्चं आहे, मुळं जाळेल. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातकट वास आला की बिनधास्त घ्या.

भरताना तळाच्या भोकांवर खापरीचे तुकडे किंवा नारळाची शेंडी ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. कुंडी काठोकाठ भरू नका. दोन बोटं जागा सोडा, पाणी तिथे क्षणभर थांबून मग मुरतं.

आता माझी पहिली चूक. हातगाडीवरून गुलाबाचं रोप घेतलं होतं, टपोऱ्या दोन कळ्या असलेलं. पिशवी फाडली, आतला लाल मातीचा घट्ट गोळा तसाच्या तसा छान मिश्रणात बसवला, रोज मनापासून पाणी घातलं. महिन्याभरात फांद्या काळ्या पडल्या. उपटून बघितलं तर भोवतीची माती ओली आणि मधला गोळा हाडासारखा कोरडा. पाणी गोळ्याच्या कडेनं वाहून जात होतं आणि मुळं आत तहानलेली होती. तेव्हापासून नवं रोप आणलं की आधी चार दिवस ते आडोशाला ठेवते. मग संध्याकाळी पिशवीसकट बादलीत अर्धा तास बुडवते, गोळा मऊ झाला की बाहेरची चिकट माती बोटांनी हलकेच मोकळी करते आणि मगच लावते. मुळं तुटू द्यायची नाहीत, पण त्यांना नव्या मातीची वाट दिसेल एवढं सैल करायचं. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे, तिथून एकदम दहा-वीस रोपं आणण्याचा मोह होतो. तिथे जा, डोळे भरून बघा, पण पहिल्या खेपेला दोनच रोपं आणा.

पहिली लावणी

मेथीपासून सुरुवात करा, कारण ती वाट बघायला लावत नाही. डब्यातले मेथीचे दाणे मूठभर घ्या, रात्रभर भिजवा, सकाळी ट्रेमध्ये दाटीवाटीनं पसरा, वर बोटाच्या पेराएवढीही नाही इतकी पातळ माती भुरभुरा. चौथ्या दिवशी माती उचलून धरणारे वाकडे देठ दिसतात. घरात लहान मूल असेल तर ही सकाळ त्याला चुकवू देऊ नका. दहा-बारा दिवसांत समुद्रमेथीएवढी होते. मुंबईच्या किनाऱ्याजवळ वाळूत वाढवलेल्या त्या चिमुकल्या जुड्या ज्यांनी खाल्ल्यात त्यांना ही कोवळी चव कळेल. तशीच काढून भाजी करा, किंवा थांबलात तर पंचवीस-तीस दिवसांत नेहमीची मेथी होईल.

कोथिंबिरीला जरा समजून घ्यावं लागतं. धन्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बिया एका कवचात. अख्खा पेरला तरी उगवतो, पण उशिरा आणि विरळ. पोळपाटावर पसरून लाटण्यानं हलका दाब द्या. दाण्याचे दोन भाग व्हायला हवेत, भुगा नको. रात्रभर पाण्यात ठेवा, अर्धा इंच खोल पेरा आणि मग धीर धरा. सात दिवसांनी काही नसेल तर माती उकरून बघू नका, चौदा दिवसांपर्यंत कोंब येतात. पस्तीस-चाळीस दिवसांत कापायला मिळते. पुण्या-नाशकाकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा मोसम. एप्रिलच्या उन्हात तिला तुरा लवकर येतो आणि पानं दोऱ्यासारखी बारीक होतात. सगळा ट्रे एकाच दिवशी पेरू नका. अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी येते.

पुदिन्याला बी लागतच नाही. मंडईतून जुडी आणाल तेव्हा जाड दांड्याच्या चार-पाच काड्या बाजूला काढा, खालची पानं खुडा, पेलाभर पाण्यात उभ्या करा आणि पाणी एक दिवसाआड बदला. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्याला कुंडी मात्र स्वतंत्र द्या. तो मातीखालून पसरत जातो आणि शेजाऱ्याला जागा ठेवत नाही.

गवती चहाचा एक फुटवा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागून घ्या. मंडईतल्या जुडीला मुळं नसतात. पानं कापताना सांभाळा, कडा धारदार असतात.

मिरचीसाठी सुकलेल्या लाल मिरचीतलं बी चालतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर तयार रोप आणा. बी पेरल्यापासून रोप हलवण्याजोगं व्हायलाच महिना जातो आणि नवख्या माणसाचा उत्साह तेवढ्यात मावळतो. फुलं येऊन गळत असतील तर ऊन कमी पडतंय का, पाण्यात अनियमितपणा आहे का ते बघा. फुलावर आलेल्या झाडाला दुपारी हलकेच टिचकी मारली तर परागकण झडतात आणि फळ धरायला मदत होते.

कढीपत्ता पहिल्या वर्षी हळूच वाढतो. तो मुळं जमवत असतो. तेवढं त्याला करू द्या आणि ओरबाडू नका. पुढे काढतानाही सुटी पानं तोडू नका. शेंड्याकडून अख्खी डहाळी कापा, म्हणजे त्या जागी दोन फुटतात आणि झाड काठीसारखं उंच न जाता दाट होतं. फुलोरा आला तर खुडून टाका, पानं वाढतील. आमच्याकडे आंबट झालेलं ताक पाण्यात पातळ करून महिन्यातून एकदा कढीपत्त्याला घालायची रीत आहे. चिपळूणला आईच्या परसदारी विहिरीकडे जाताना कढीपत्त्याचं झाड होतं, ताकाचं मडकं विसळलेलं पाणी नेहमी त्याच्याच बुडाशी जायचं. मीही तेच करते.

तुळस लावाल तेव्हा मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडत राहा. बी धरलं की तिला आपलं काम झालंसं वाटतं आणि ती सुकायला लागते.

पाणी घालण्याआधी बोट घाला

बाल्कनीतली झाडं तहानेनं मरतात त्याहून जास्त पाण्यानं मरतात, असा माझा अनुभव आहे. घरातला प्रत्येक जण येता-जाता प्रेमानं तांब्याभर ओततो आणि मुळं कुजतात. कुजलेल्या झाडाची पानंही माना टाकतात, मग अजून पाणी घातलं जातं.

उपाय साधा. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज नको. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून दोन थेंब येईपर्यंत सावकाश घाला. वेळ सकाळची. पानांवर नाही, बुडाशी. उन्हाळ्यात मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर पसरा, पाण्याची गरज डोळ्यांदेखत कमी होते. पावसाळ्यात उलट: भोकं बुजली नाहीत ना हे आठवड्यातून एकदा काडी घालून बघा.

तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, थेट कुंडीत जाऊ द्या. मीठ घातलेलं मात्र नको. बोअरचं पाणी असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडांवर पांढरा थर धरतो. तो क्षारांचा असतो. वरची इंचभर माती खरवडून नवं कंपोस्ट घाला, आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा कुंड्या त्यात मनसोक्त भिजू द्या.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून पुसून कोरड्या करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो. कोरडा दिवस पाळा असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते, ते बागवाल्या घरांनी सगळ्यांत आधी ऐकायला हवं.

ओट्यावरचं परत मातीत

मला बागेतलं सगळ्यांत आवडतं काम कोणतं असं विचारलंत तर मी कंपोस्ट म्हणेन.

वीस लिटरच्या दोन बादल्या घ्या. तळाला आणि अंगाला भोकं पाडा. पहिल्या बादलीत तळाशी नारळाची शेंडी आणि चार बोटं वाळका पाचोळा पसरा. वर रोजचा ओला कचरा: भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा, निर्माल्यातली फुलं. तुकडे जितके बारीक तितकं लवकर कुजतं. ओल्याच्या एका थरावर त्याच्या दुप्पट वाळका पाचोळा, हे प्रमाण सोडू नका. विरजण म्हणून पहिल्यांदा वाटीभर आंबट ताक किंवा जुनं कंपोस्ट घाला. शिजवलेलं तेलकट अन्न, दूध, मासळीचं उरलेलं, लिंबाच्या ढीगभर साली यात नकोत. तीन-चार दिवसांनी एकदा काठीनं ढवळा. एक बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा. दुसरी भरेपर्यंत पहिली तयार होत येते. दोन ते तीन महिने धरून चाला.

घाण वास आला तर समजा की ओलं जास्त झालंय. पाचोळा घाला, ढवळा, दोन दिवसांत वास जातो. पांढुरक्या, मग तपकिरी होणाऱ्या जाडसर अळ्या दिसल्या तर दचकू नका. त्या कचरा खाऊन आपलंच काम करत असतात आणि झाडांना त्यांचा उपद्रव नाही. नाहीच सहन होत तर पाचोळ्याचा थर जाड करा.

दोन-तीन दिवसांनी बादलीच्या मधोमध हात घालून बघा. आत कोमट लागतं. कालपरवाच्या दुधीच्या साली तिथे जिवंतपणे काहीतरी दुसरं होत असतात, हे हाताला कळतं. अडीच महिन्यांनी चाळणीतून खाली पडते ती काळीभोर, भुसभुशीत, रवाळ माती. तिच्यात ना साल ओळखू येते ना देठ.

महाराष्ट्रात या वाटेवर आपल्या आधी चाललेली मोठी माणसं आहेत. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून सामान्य माणसांना पाचोळ्यातून सुपीक माती घडवायला आणि स्वतःच प्रयोग करून बघायला शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाजी आणि फळं पिकवून दाखवली. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाबाहेर चिपाडांचा ढीग पडलेला असतो, तो मागून आणा, बारीक तुकडे करा आणि मोठ्या कुंडीच्या तळाचा तिसरा हिस्सा त्यानं भरा. चिपाड ओल धरतं, सावकाश कुजत खत होतं आणि कुंडीचं वजन बरंच कमी होतं. मुंग्या येतात म्हणून आधी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून साखर निघून जाऊ द्या.

तयार कंपोस्ट महिन्यातून एकदा दोन मुठी प्रत्येक कुंडीत, माती वरवर हलवून. सुरुवातीला एवढं खत पुरतं. रंगीत दाणेदार खतांच्या मागे लागू नका.

कीड

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिथेच शोधा, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला जपतात. जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, फार झाला असेल तर फांदी छाटून पिशवीत बांधून टाका. माव्याला पाण्याची जोरदार धार बऱ्याचदा पुरते. नाहीतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब पातळ साबण, नीट हलवून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात. आठवड्यानं पुन्हा एकदा करा. पालेभाजीवर फवारलं असेल तर चार-पाच दिवस कापू नका.

एका किडीबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर पुसू नका, जवळून बघा. ती अळी असते. शत्रूला फसवण्यासाठी तिनं ते रूप घेतलेलं असतं. काही दिवसांनी ती हिरवीगार, बोटाच्या पेराएवढी होते, आणि हात लावला तर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. पानं भराभर संपवते हे खरं. पहिल्यांदा मीही वैतागले होते. मग लेकीच्या हट्टापायी दोन अळ्या एका फांदीवर राहू दिल्या, बाकीच्या काढल्या. एके सकाळी काडीवर रेशमाच्या धाग्यानं टेकून बसलेला कोष दिसला. बरोबर दहा दिवसांनी, शाळेची बस यायच्या आधी, तो उकलला. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं फुलपाखरू तासभर पंख वाळवत तिथेच बसलं. लेकीनं बस चुकवली आणि मी तिला रागावले नाही. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मनही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. लहान रोप असेल तर अळ्या उचलून दुसरीकडे ठेवा, पण कमरेएवढं झाड झालं की दोन पानांचा वाटा त्यांना द्यायला हरकत नाही.

वर्षाचा फेरा

रोहिणी संपून मृग लागतो तो जूनच्या ७-८ तारखेला. त्याच्या आधी, मेच्या अखेरीस, डोळे फुटलेले हळदीचे आणि आल्याचे तुकडे बारा इंची पसरट कुंडीत दोन इंच खोल घालून ठेवा. पाऊस सुरू झाला की केळीसारखी लांब पानं वर येतात. श्रावणात त्यातली बाहेरची दोन-चार पानं कापायची आणि पातोळ्या करायच्या. तांदळाच्या पिठात, गूळखोबऱ्यात हळदीच्या ताज्या पानाचा वास उतरतो. सगळी पानं काढू नका, खाली हळद पोसायची आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून लोळली की कुंडी पालथी करा. ओल्या हळदीचं लोणचं घालण्यापुरतं सहज निघतं. त्यातलेच दोन तुकडे पुढच्या मेसाठी राखा.

जूनमध्येच एका उथळ ट्रेमध्ये दुर्वांच्या पेरं असलेल्या काड्या खोचा, भरपूर ऊन मिळेल अशा जागी. गणपतीपर्यंत रोजची एकवीसची जुडी घरची निघते. चतुर्थीच्या पहाटे पिशवी घेऊन मैदान धुंडाळायला लागत नाही, आणि त्या दुर्वा कुणाच्या पायाखालच्या नाहीत हे समाधान वेगळं.

ऑक्टोबरची उष्णता ओसरली की कोथिंबीर, पालक, चुका, टोमॅटो, झेंडू. नवख्यानं बाग सुरू करायला याहून चांगला महिना नाही. झाडं मनासारखी वाढतात, कीड कमी, पाणीही बेताचं. जानेवारीच्या अखेरीस मोगऱ्याचं पाणी थोडं कमी करा, फांद्या एक तृतीयांश छाटा, खत द्या आणि भरपूर उन्हात ठेवा, मार्चपासून कळ्या धरतील. पुण्यात असाल तर त्याच सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे कुंडीत एखादं झाड किती उंचीला जाऊ शकतं हे बघून यायचं. एप्रिल-मेमध्ये, मेअखेरची हळद आणि आलं सोडलं तर, नवं काही लावू नका. जाळी बांधा, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा म्हणजे त्या एकमेकींना गारवा देतात, आणि गावाला जाताना शेजारी किल्ली देऊन जा.

शेजारणीशी माझी ओळख अशीच झाली. चार वर्षं समोरासमोर राहून लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे बोलणं नव्हतं. मे महिन्यात आठ दिवस तिनं कुंड्यांना पाणी घातलं. परत आल्यावर मी डब्यात पुदिना आणि पहिल्या चार मिरच्या घालून दिल्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. परवा तो आला तेव्हा त्यात कागदाची पुडी होती, तिच्या माहेरच्या, लातूरकडच्या अंबाडीचं बी. मेथीचा ट्रे मी मोकळा करून ठेवलाय. माती उन्हात पसरली आहे, मृग लागायला अजून नऊ दिवस आहेत.